तोंडाची वाफ

आई घरी भाजी जाड कापायची. गाजराच्या चकत्या बोटाएवढ्या, बटाट्याच्या फोडी आतून हमखास कच्च्या राहतील अशा. बाबा ताटातली एखादी फोड चमच्यानं उचलून उजेडाकडे धरायचे आणि म्हणायचे, "बघा मुलींनो, हिला पातळ कापायचा पगार मिळतो." आई मान वर न करता सांगायची, "ऑफिसचं काम मी घरी आणत नाही."

तिचं ऑफिस म्हणजे एका मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या इमारतीतली, तळमजल्यावरची प्रयोगशाळा. शस्त्रक्रियेत माणसाच्या अंगातून जे काही निघेल ते तिथे यायचं. गाठी, तीळ, पित्ताशय, कधी अख्खं गर्भाशय. त्यातला नखाएवढा तुकडा वितळलेल्या मेणात बसवायचा, मेण थिजलं की तो ठोकळा यंत्राला लावायचा आणि पात्यावरून त्याच्या इतक्या पातळ चकत्या काढायच्या की एका केसाच्या जाडीत पंधरा-वीस मावाव्यात. मग चकती काचेवर घेऊन रंगवायची, वर दुसरी पातळ काच चिकटवायची. पुढे डॉक्टर ती सूक्ष्मदर्शकाखाली बघणार आणि बाहेर बाकावर बसलेल्या कुणाचं तरी आयुष्य कुठे वळणार ते सांगणार.

लहानपणी सुट्टीच्या दिवसांत आई आम्हा दोघी बहिणींना तिथे नेऊन काचा दाखवायची. फुप्फुस म्हणजे जाळीदार लेस. स्नायू म्हणजे नांगरलेलं शेत. पण तिचा खरा जीव होता पडद्यांवर. "अवयवांचं कौतुक सगळे करतात," ती म्हणायची. "हृदय, मेंदू, यकृत. पण हृदय एका पिशवीत असतं म्हणून त्याला रात्रंदिवस उड्या मारता येतात. पोटातली आतडी जन्मभर एकमेकांवरून सरकतात, घासल्याचा आवाज येतो का कधी? पडदा असतो मध्ये. एका पेशीच्या जाडीचा. तो आहे म्हणून आतलं सगळं एका घरात नांदतं."

धाकटीनं तेव्हा विचारलं होतं, "आणि तो फाटला तर?"

"तर भांडणं," आई म्हणाली होती.

ठोकळा कापण्याआधी ती एक गोष्ट करायची. ठोकळा बर्फावरून उचललेला असतो, मेण कडक झालेलं असतं, तसंच कापलं तर चकती चुरगळते. म्हणून ती वाकून, तोंड अर्धवट उघडून, ठोकळ्याच्या तोंडावर एक लांब, ऊबदार श्वास सोडायची. मेणावर धुकं यायचं. ते विरायच्या आत यंत्राच्या चाकाचा एक फेरा, की एक चकती. त्या खोलीत याला 'वाफ देणं' म्हणत. नव्या डॉक्टरांना हसू यायचं. आई त्यांना सुनवायची, "हसा. जगातली माणसं तोंडाची वाफ फुकट दवडतात. मला तिचा पगार मिळतो."

मात्र कापलेल्या चकतीजवळ श्वास सोडायचा नाही, हा दुसरा नियम. चकती उडून जाते. आम्ही दोघी ओठ गच्च मिटून तिच्या मागे उभ्या राहायचो.

ती जाऊन वर्ष व्हायचं होतं, तेव्हा डॉक्टरांनी मला आणि धाकटीला बोलावून घेतलं.

आईला अंडाशयाचा कर्करोग झाला होता आणि तो पोटाच्या पडद्यावर पसरला होता. आम्हा दोघींच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा एका जनुकात एक बदल सापडला. बाबांच्या रक्तात तो नव्हता, म्हणजे आईकडून आलेला. पण तो आजाराला कारणीभूत की नुसताच निरुपद्रवी, हे कुणालाच सांगता येईना. असा बदल यापूर्वी कुठे नोंदलेलाच नव्हता. मी मुद्रितशोधक आहे, मला ते माझ्या परीनं समजलं. मजकुरात एक अक्षर चुकलेलं आहे, पण त्यानं अर्थ बदलतो की नाही हे मूळ प्रत पाहिल्याशिवाय कळणार नाही. आपल्या पेशीत प्रत्येक मजकुराच्या दोन प्रती असतात, असं डॉक्टर म्हणाले. आईच्या गाठीत चांगली प्रत पुसली गेली असेल, तर दोष या बदलाचाच. चांगली प्रत शाबूत असेल, तर याचा काही संबंध नाही.

"आणि दोष याचाच असेल तर?" धाकटीनं विचारलं.

"तर अंडाशयं काढून टाकावीत, असा सल्ला मी देईन. लवकर."

माझा प्रश्न नव्हता. मला मूल नको होतं, आणि ती वेळही जवळजवळ टळून गेली होती. धाकटीच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. त्या दोघांनी पाळण्याचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता, आणि त्यावरून आम्ही त्यांची चेष्टा करायचो.

घरी भांडणं सुरू झाली. "काढून टाका आणि मोकळे व्हा," बाबा म्हणायचे. एका माणसाला त्या आजारात जाताना पाहिलं होतं त्यांनी, दुसऱ्याला पाहायची ताकद नव्हती. ते मला दिसत होतं, धाकटीला दिसत नव्हतं. "तुमचं काय जातंय बाबा मोकळं व्हायला?" ती म्हणायची. मग दार आपटायचं. आई असताना त्या घरात दार आपटल्याचं मला आठवत नाही.

सगळं आईच्या तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यावर येऊन ठेपलं. दूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेला त्याच्या ताज्या चकत्या हव्या होत्या. तुकडा एकच होता, कारण पुढे तिची शस्त्रक्रिया करण्यात अर्थच उरला नव्हता. त्याचा ठोकळा तिच्याच प्रयोगशाळेत, तिच्याच कपाटात होता.

मी सकाळी तिथे गेले. आईच्या जागी आता तिची शिष्या काम करते. हडकुळी, लांब बोटांची, हातात सदोदित चिमटा. आईनंच तिचं नाव चिमटी ठेवलं होतं आणि आता रुग्णालयाचे मोठे डॉक्टरसुद्धा तिला चिमटीताई म्हणतात. आईला ती 'बाई' म्हणायची. खोली बदललेली नव्हती. मेणाचा गोडसर वास, त्यामागून नाकात शिरणारा रसायनाचा वास, कोमट पाण्याची काळी थाळी, आणि उत्तरेच्या खिडकीतून येणारा सपाट, पांढरा उजेड. आईची खुर्चीही तीच होती. पाठीला लावलेली उशी मात्र कुणीतरी काढून ठेवली होती.

"बस गं मोठे," चिमटीताई म्हणाली. "चहा नंतर. आधी तुला एक सांगायचंय."

तिनं खण ओढून ठोकळा काढला. मेणात बसलेला तुकडा दुधावरच्या सायीच्या पापुद्र्यासारखा दिसत होता. पसरलेला, फिकट.

"पडदा कसा बसवतात माहितीये ना तुला? उभा. धारेवर. म्हणजे कापला की सगळे थर एकाखाली एक दिसतात, आणि पुरतोही. पुस्तक उभं ठेवून कापल्यासारखं." तिनं ठोकळा माझ्यासमोर तिरपा धरला. "हा आडवा आहे. नुसतं वरचं पान. दोन-चार फेऱ्यांत खलास."

"आडवा कुणी बसवला?"

ती चिमट्याशी चाळा करत राहिली.

"बाईंनीच," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलं नाही का त्यांनी? तुकडा काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी कामावर हजर. मी म्हटलं, बाई, मी करते. तर म्हणाल्या, माझ्या पोटातलं मी दुसऱ्याच्या हाती का देऊ? मेण ओतताना हात कापत होता. लक्षात आलं तोवर थिजलं होतं. सगळं आयुष्य या खोलीत काढलं, एक पडदा आडवा पडला नाही हातून. स्वतःचाच पडला. हसल्या. म्हणाल्या, बघ चिमटे, नेमकी आपल्याच घरात ठेच लागते."

"परत वितळवून उभा करता येणार नाही?"

"आहे काय त्यात उरलेलं? चिमट्यालाच चिकटून जाईल." तिनं ठोकळा बर्फाच्या तबकावर पालथा ठेवला. "खरं सांगू? तपासणी तेव्हाच उरकली, त्यात बरंचसं गेलं. पहिला फेरा तर पातं जुळवण्यातच जातो. डॉक्टरांना सांगून झालंय माझं. ते म्हणाले, जेवढं मिळेल तेवढं."

"आणि नाहीच मिळालं तर?"

"तर तुझ्या बहिणीनं छापा-काटा करायचा." लगेच तिनं जीभ चावली. "माझी जीभ ही अशी. बाई म्हणायच्याच, हिचं तोंड पात्यापेक्षा धारदार."

मी थांबते, म्हणाले. तिनं भिंतीजवळचं स्टूल दाखवलं. "बस. पण नियम माहितीये ना?"

मी ओठांवर हात ठेवला.

तिनं पातं बदललं. पाण्याची थाळी पुसून पुन्हा भरली. तबकावर इतर ठोकळेही होते, दुसऱ्या कुणाकुणाचे, ओळीनं पालथे. तिनं आईचा ठोकळा उचलला आणि क्षणभर तबकाकडे पाहत राहिली. त्याच्याखाली बर्फात चौकोनी खळगा पडला होता. खळग्यात पाणी साचलं होतं. शेजारच्या ठोकळ्यांखालचा बर्फ कोरडा, खडबडीत होता.

"फ्रीजर बिघडलाय मेला," ती म्हणाली.

मी ओठांवरचा हात तसाच ठेवला. बोलायचं नव्हतंच.

ठोकळा यंत्राला लागला. तिनं पेच आवळले, पात्याची धार मेणापर्यंत आणली, एक डोळा मिटून सरळ रेषेत बघितलं, पुन्हा किंचित सैल केलं, पुन्हा आवळलं. मग दोन्ही हात मांडीला पुसून ती वाफ द्यायला वाकली.

तिनं तोंड उघडलं नव्हतं. मी तिच्याकडे बाजूनं बघत होते, तिचे ओठ मिटलेले होते.

ठोकळ्याच्या तोंडावर धुकं आलं. मधोमध आधी, मग कडांकडे पसरत गेलं. थंड आरशासमोर कुणीतरी हळू श्वास सोडावा तसं.

चिमटीताई तशीच वाकून राहिली. मग न वळता तिनं विचारलं, "तू सोडलास का श्वास?"

मी नाही म्हणून मान हलवली. ती बघत नव्हती, म्हणून हाताआडून म्हणाले, "नाही."

खिडकी बंद होती. पंखा बंदच असतो तिथे.

धुकं विरायला लागलं. चिमटीताईच्या हातात इतक्या वर्षांची सवय होती, आणि मला वाटतं त्या सवयीनंच चाक फिरवलं.

पहिली चकती वाया जायची होती. ती अखंड आली. पात्यावर सरकत खाली उतरली, सुरकुतीशिवाय.

ठोकळ्यावर पुन्हा धुकं आलं.

चाक फिरलं. दुसरी चकती पहिलीच्या कडेला चिकटून आली. मग तिसरी. पट्टी तयार होत गेली, ओढणीच्या काठासारखी लांबत गेली. चिमटीताईनं कुंचल्याच्या टोकानं ती उचलून पाण्यावर सोडली. कोमट पाण्यावर पट्टी आपोआप सैल झाली, अंग पसरून झोपावं तशी. प्रत्येक चकतीत, मेणाच्या मधोमध, एक बारीक उभी रेघ होती.

पसरलेला पापुद्रा नव्हता. रेघ होती.

तिनं ती काचेवर घेतली आणि दुसरी पट्टी सुरू केली.

धुकं. फेरा. धुकं. फेरा.

संपायला हवं होतं. केव्हाच संपायला हवं होतं. काचा भरत गेल्या आणि तिनं त्या उभ्या ठेवायची दुसरी चौकट ओढली. तिच्या कपाळावरून घाम ओघळून भुवईत थांबला होता, तो पुसायला तिला हात मोकळा नव्हता. मी इतका वेळ श्वास धरून, चोरून सोडून, पुन्हा धरत होते की माझ्या कानांत माझंच रक्त ऐकू येत होतं.

त्या धुक्याला एक लय होती. ती मला ओळखीची वाटली. लहानपणी तापात मी आईच्या पोटावर डोकं ठेवून झोपायचे.

मला भीती वाटली, असं मी म्हणणार नाही. उंच घुमटाखाली उभं राहिल्यावर मान आपोआप वर जाते आणि माणूस बोलणं विसरतो, तसं काहीसं झालं होतं.

चौकट भरली.

चिमटीताईनं चाकावरचा हात काढला. ठोकळ्याकडे बघत, शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात ती म्हणाली, "बाई, पुरे."

धुकं विरलं.

आम्ही वाट पाहिली. ते पुन्हा आलं नाही.

तिनं चाकाला आणखी एक फेरा दिला. पात्यावर रिकामं मेण उतरलं, नुसतं पांढरं.

त्यातली एक काच रंगवून तिनं डॉक्टरांकडे नेली. मीही मागे गेले. डॉक्टरांनी बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि खुशीत म्हणाले, "वा! काय सुंदर उभा बसलाय. सगळे थर. चिमटीताई, तुम्ही तर म्हणत होता आडवा आहे."

"मला तसं वाटलं, सर," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता.

डॉक्टर उठून मला जागा देत म्हणाले, "बघा. तुम्हाला बघायला हरकत नाही ना? काहींना त्रास होतो."

मी बघितलं. गुलाबी तंतूंचा एक रुंद पट्टा होता आणि त्याच्या एका कडेवर पेशींची ओळ. एकेरी. मी जन्मभर ओळी तपासत आले आहे, इतकी सरळ ओळ मी पाहिली नव्हती. प्रत्येक पेशीत एक जांभळा ठिपका, एकही वर-खाली नाही. पट्ट्याच्या खालच्या अंगाला ती जांभळी गर्दी होती, जिनं आईला नेलं. मधल्या भागात मात्र तो पडदा होता, जसा असायला हवा तसा, आणि त्याच्यामागून दिव्याचा उजेड येत होता. मला वाटलं, हिच्या आत मी नऊ महिने राहिले. या ओळीच्या पलीकडे.

"त्रास होतोय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "फार नीट आहे."

निघताना चिमटीताईनं ती काच पातळ कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. "जास्तीची आहे. पाठवायच्या त्या वेगळ्या काढल्यात." मग जरा थांबून, "ठोकळा मी खणात परत ठेवलाय. आता मी तो उघडणार नाही. माझ्या जागी कुणी आलं की त्यांचं ते बघतील."

चहा घ्यायचा राहूनच गेला.

निकालाला काही आठवडे लागले. डॉक्टरांचा फोन आला, तेव्हा मी एका शालेय पुस्तकाची मुद्रितं तपासत होते. चांगली प्रत शाबूत होती. आईच्या आजाराशी त्या बदलाचा संबंध नव्हता. आम्ही दोघींनी नियमित तपासण्या कराव्यात, कापाकापीचं कारण नाही.

"नक्की ना?" मी विचारलं. "तुकडा आईचाच होता ना? अदलाबदल झाली नसेल?"

"शंकाच नको. तुमच्या दोघींच्या रक्ताशी जुळवून पाहिलंय त्यांनी. आई तुमचीच." ते थांबले. "एक मात्र मला जरा... त्यांच्या प्रयोगशाळेतून दोनदा विचारणा झाली. मेणातल्या जुन्या नमुन्याचे आत बारीक बारीक तुकडे झालेले असतात, वाचताना जोडावे लागतात. हा सगळा सलग आहे. त्यांचं म्हणणं, आम्ही चुकून नवाच नमुना पाठवला. रुग्णाच्या अंगातून नुकताच घेतलेला."

मी हातातली पेन्सिल मुद्रितांवर ठेवली.

"त्यांनी विचारलंय," डॉक्टर म्हणाले, "रुग्ण आता कशा आहेत."

त्या दुपारी धाकटी आली. रडून घेतलं, हसून घेतलं. बाबा तिच्यासमोर मुकाट्यानं उभे राहिले, मग म्हणाले, "पाळण्याचा तो रंग मात्र भयंकर आहे हं." ती म्हणाली, "तुम्हाला कुठं झोपायचंय त्यात?" मग बाबा भाजी चिरायला स्वयंपाकघरात गेले आणि सुरीचा जड, संथ आवाज येत राहिला. दार कुणी आपटलं नाही.

धाकटी माझ्या टेबलाशी, खिडकीपाशी येऊन उभी राहिली. "तू पाहिलंस ना तिला तिथे," ती म्हणाली. "कशी दिसत होती?"

मी खणातून पुडी काढली. प्रयोगशाळेतून आणल्यापासून ती मी उघडली नव्हती. कागद सोडवून काच तिच्या हातात दिली. तिनं ती खिडकीच्या उजेडात, डोळ्यांजवळ धरली. आम्ही दोघींनी, सांगितल्याशिवाय, ओठ मिटून घेतले.

"काहीच दिसत नाहीये गं," थोड्या वेळानं ती कुजबुजली. "पुसून तरी द्यायचीस." तिनं रुमालानं काच पुढून पुसली. मग मागून. पुन्हा उजेडात धरली.

"आतून आहे," ती म्हणाली.

दोन काचांच्या मध्ये, त्या गुलाबी रेघेवर धुकं होतं. बघता बघता ते विरलं आणि रेघ स्वच्छ दिसली. मग मधोमध पुन्हा उमटलं आणि हळूहळू कडांकडे पसरलं.

आम्ही दोघीही श्वास रोखून होतो.